घरात सगळं शांत आहे

दहावीला मेघा होती, पण झोप उडाली होती तिच्या वडिलांची. बेसा भागातल्या एका क्लासच्या पालकसभेला अंकुश मेश्राम गेला काय आणि तोंड पाडून परत आला काय. तिथल्या सरांनी सांगितलं होतं की, चांगल्या इंजिनीअरिंग कॉलेजचा पाया दहावीतच घालावा लागतो. खरं तर आठवीतच. मग थेट अंकुशकडे बघत ते म्हणाले होते, "तुम्ही जरा उशीरच केला."

"आता कसं करायचं?" त्यानं बायकोला विचारलं.

"काय करतं? पोरगी करून राहिली ना अभ्यास," सरिता म्हणाली.

"असा नाही होत. सर म्हणले, घरात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे."

त्याच संध्याकाळी अंकुशनं बेलची वायर काढली. टीव्हीवर चादर टाकली. मिक्सर कपाटात गेला. कुकरच्या शिट्टीनं पोरीचं लक्ष उडतं म्हणून डाळ पातेल्यात शिजू लागली आणि शिजता शिजेना. मनीषनगरच्या त्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको एकमेकांच्या कानाशी लागून बोलू लागले. मेघाच्या खोलीचं दार किलकिलं झालं, की दोघंही गप्प होत आणि तिच्याकडे बघून हसत. ते हसू काही खरं वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी मौद्याहून धोंडबांचा, म्हणजे अंकुशच्या वडिलांचा फोन आला. त्यांना ऐकायला कमी येई, त्यामुळे त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. अंकुश फोन घेऊन जिन्यात पळाला आणि तिथेही कुजबुजलाच.

"बाबा, घरात सगळं शांत आहे. मेघाले फोन देता येत नाही. तिले काही सांगू नका."

पलीकडे धोंडबांना एवढंच कळलं, की मेघा... शांत... आणि पोराचा आवाज खोल गेलेला. ते "काय झालं रे?" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

खालच्या मजल्यावरचे नत्थूजी तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. त्यांच्या कानावर पडलं ते असं : बाबा... शांत... मेघाले सांगू नका. वर पाहिलं तर अंकुश कठड्याला टेकून कपाळ चोळत उभा. नत्थूजी तसेच आपल्या घरात शिरले.

"अंकुशचे वडील गेले वाटते," ते बायकोला म्हणाले.

"तरीच," कौसल्याबाई म्हणाल्या. "कालपासून वरतून कुकरची शिट्टीच नाही. चूलच पेटली नसन. थांबा, मी भात-पिठलं टाकतो."

डबा घेऊन दोघं वर गेले. अंकुशनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत मेघा आहे."

"तिले सांगतलं नाही काय अजून?" नत्थूजींनी विचारलं.

"सांगतलं ना काकाजी. दहा वेळा सांगतलं. पण तिले गांभीर्यच नाही."

"लेकरू आहे. समजन हळूहळू." नत्थूजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण असं एकदम कसं झालं गा?"

"एकदम कुठचं. आमचंच लक्ष नव्हतं. सर म्हणले, उशीर झाला."

"डॉक्टर म्हणते तसंच. आता आपल्या हातात काय आहे?"

"असं नका म्हणू, काकाजी," अंकुश कळवळून म्हणाला. "अजून तीन-चार महिने आहेत."

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं त्या नजरेत होतं. ते खाली गेले आणि अर्ध्या तासात बिल्डिंगमधली माणसं एकेक करून वर येऊ लागली. चपला बाहेर काढून, पाऊल न वाजवता येत आणि सतरंजीवर खाली मान घालून बसत. दहावीच्या पोरीसाठी शेजारी इतके जपतात, हे बघून अंकुश हेलावून गेला. सरिताला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. कारण एका बाईनं तिला जवळ घेऊन, "सासऱ्याचा लय जीव होता काय वं तुह्यावर?" असं विचारलं होतं.

ती उत्तर देणार, तोच दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, धाप लागलेली. बाहेरच्या चपला, आतली मुकी माणसं पाहून त्यानं चौकट धरली आणि तिथेच खाली बसला. "माही मेघा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

कौसल्याबाई जवळच होत्या. त्यांनी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या कानाला तोंड लावून त्या म्हणाल्या, "मेघा बरी आहे बाबाजी. तिचे आजोबा गेले."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि जरा विचार केला. "कोणते? आईकडचे तर कधीचेच गेले."

"ते नाही. मौद्याचे. धोंडबाजी."

"असं कसं? मी तर आत्ता बसमधून उतरलो."

क्षणभर खरोखरच टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग सगळे एकदम बोलू लागले. नत्थूजी अंकुशला विचारू लागले, अंकुश बापाला, बाप नातीला हाका मारू लागला, आणि कोणीतरी कौसल्याबाईंना पाणी दिलं.

या गलक्यात आतलं दार उघडलं. मेघा आली, तिनं गर्दीकडे पाहिलं आणि धावत जाऊन आईला मिठी मारली.

"आई, तुले काय झालं ते मले खरं सांग."

"मले? मले काय होते?"

"मग तुम्ही दोघं कानात काहून बोलून राहिले होते? मी बाहेर आली का गप्प होऊन जाता. मले वाटलं, डॉक्टरनं तुले काही सांगतलं." ती रडतच बोलत होती. "दोन दिवसांपासून पुस्तक उघडून बसून राहिली मी. एक पान नाही वाचलं."

अंकुश पुढे आला. "मग विचारलं काहून नाही बेटा?"

"तुम्ही आधीच इतक्या टेन्शनमध्ये. म्हटलं, तुम्हाले डिस्टर्ब नको."

सरिता हसली, मग तिचेही डोळे भरून आले. माणसं पांगली नाहीत; कौसल्याबाईंनी तिथल्या तिथे सगळ्यांसाठी चहा टाकला. धोंडबांनी नातीला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"तुहा बाप दहावीत होता, तवा अभ्यासाच्या नावानं कुठी जाऊन बसे, सांगू काय तुले?"

"बाबा, चहा घ्या," अंकुश घाईनं म्हणाला.

"सांगा ना आबा," मेघा नाक पुसत म्हणाली, आणि नत्थूजी ऐकायला पुढे सरकले.

अंकुश बिस्किटं आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच उभा राहिला. बाहेर हशा उसळला. त्यात सगळ्यात मोठ्यानं आणि सगळ्यात उशिरापर्यंत हसत होती ती मेघा.