दोन सूत जाड

मुरलीतात्यांच्या दुकानात दोन किटल्या आहेत. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्ही सारख्याच चेपलेल्या. एकीत चहा असतो आणि दुसरीत हत्याराला द्यायचं पाणी. भट्टीतून लाल झालेलं पातं काढलं की तात्या ते चिमट्यात आडवं धरतात आणि किटलीच्या तोंडातून फक्त धारेच्या कडेनं पाणी सोडतात. पाहुण्याला बशीत चहा ओतावा इतक्या बेतानं. पात्याच्या पाठीवर एक थेंब जाऊ देत नाहीत. यातली कुठली किटली कुठली हे फक्त तात्यांना कळतं, आणि त्यांनाही दर वेळी कळतंच असं नाही. चहा पिऊन कडक झालेलं निदान एक पातं निमगाव केतकीच्या एका मटणवाल्याकडं आहे. त्याची धार अजून उतरलेली नाही. तात्या म्हणतात, "साखर व्हती त्यात. धार चिकटून ऱ्हायली."

तात्या कुकरी बनवतात. नेपाळी माणसाच्या कमरेला असते ती. पुढं पोट सुटलेला, मधेच वाकलेला सुरा. भवानीनगरच्या रस्त्याला, जिथं आजूबाजूला नजर जाईल तिथवर ऊस आहे आणि माणसाला कोयत्याशिवाय दुसरं हत्यार सुचत नाही, तिथं हा गृहस्थ कुकऱ्या करतो. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोकांनी बंगले बांधले, तात्यांनी पत्र्याचं शेड घातलं.

त्यांच्या कुकऱ्या नव्या जमान्याच्या. पातं भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याचं. मुठीला कारखान्यातल्या मशीनच्या जुन्या पट्ट्याचं रबर, "घामानं निसटत न्हाय" म्हणून. म्यान ठिबकच्या जाड पाइपाचं, गरम करून चपटं केलेलं. मुठीजवळ एक बारीक खाच असते. ती कशासाठी यावर जगात बरेच वाद आहेत म्हणे. तात्यांपुरता वाद मिटलेला आहे. "ऊस तोडताना रस वघळतो. खाचंपाशी आला की खाली टिपकतो. मूठ चिकट हुत न्हाय." नेपाळात ऊस किती होतो हे त्यांना विचारायचं नाही.

मी निरवांगीचा. आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरले, वडिलांनी शेती धरली, आणि मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. हे मी सांगतो, आणि सांगायला लाजत नाही. बारामतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तात्या मला 'बीयस्शी' म्हणतात. आमची ओळख वडिलांचा कोयता शेवटायला, म्हणजे नव्यानं धार काढून घ्यायला, नेला तेव्हाची. तात्यांनी तो हातात धरून विचारलं होतं, "ह्यो लोखंड हाय का वरण-भात?"

गिऱ्हाइकाची आधी तपासणी होते. काय कापणार ते सांगितल्याशिवाय कुकरी मिळत नाही. नारळ, ऊस, बोकड, बाभळ, एवढ्यालाच परवानगी. एकदा इंदापूरहून दोघं जण मोटारसायकलवर आले. गॉगल, गळ्यात साखळी.

"तात्या, भारीतली द्या. बड्डे हाय."

"काय कापनार?"

"केक."

"बेकरीत जावा. केकबरुबर सुरी फुकाट मिळती. पांढरी, प्लॅस्टिकची."

"अवो, फोटोला बरं दिसतं."

"मग फोटो कापा की."

दुसऱ्या वेळी पुण्याचा एक ट्रेकिंगवाला आला. म्यानाबाहेर काढली की कुकरीला रक्त पाजावंच लागतं, हे खरं का, असं त्यानं फार आदरानं विचारलं. "खरं हाय," तात्या म्हणाले. "आमी कांदा कापतो. रडू आलं की म्यानात घालतो." मी एकदा मोबाईलवर ऑनलाइन मिळणाऱ्या कुकऱ्या दाखवल्या. काळ्याकुट्ट, मुठीला नायलॉनची दोरी. तात्यांनी चष्मा वर करून बघितलं. "काळा रंग मारला म्हंजी आत काय हाय ते झाकायचंय," म्हणाले, आणि मोबाईल परत देताना काच बनियनला पुसून दिली.

शेडच्या मागच्या भिंतीवर मात्र विकायच्या नसलेल्या कुकऱ्या टांगलेल्या आहेत. वीस-बावीस असतील. सगळ्या एकाच मापाच्या वाटतात. त्यांच्या मधोमध एक म्यान. लाकडाचं, वर काळं कातडं, टोकाला पितळ. जुनं आणि रिकामं.

ते तिलकरामचं. तिलकराम कारखान्याच्या कॉलनीच्या गेटवर होता. वीस वर्षं लोकांनी त्याला बहादूर म्हटलं. तात्या कधीच म्हणाले नाहीत. आजही कुणी 'तो बहादूर' म्हणालं की तात्या हातातली कानस खाली ठेवतात. "नाव हाय त्याला." समोरच्यानं नाव घेतल्याशिवाय कानस पुन्हा उचलत नाहीत.

तिलकरामकडं त्याच्या वडिलांची कुकरी होती. बाभळी तोडून धारेला खांडं पडली होती. तात्या म्हणाले, आण, पाणी पाजून देतो. आणि कोयत्याला करतात तसं केलं. सगळं पातं लाल केलं आणि सरळ पाण्याच्या टाकीत बुडवलं. 'टिण' असा आवाज आला. धारेपासून पाठीपर्यंत चीर.

तिलकरामनं चीर बोटानं चाचपली. मग म्हणाला, "आमच्या गावाला किटलीनं पाणी घालतात. नुसतं धारेला."

"आरं, मग आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही कारखान्याचे फिटर. तुम्हाला मी काय सांगू?"

एवढंच. पुढं तो नोकरी संपवून नेपाळात आपल्या गावाला गेला, तेव्हा म्यान तात्यांकडं ठेवून गेला. म्हणाला, यात बसेल अशी करा. मी न्यायला येतो.

त्याला सात-आठ वर्षं झाली. तात्या दर चार-एक महिन्यांनी एक कुकरी करतात, म्यानात घालून बघतात आणि भिंतीला टांगतात. एक जाड, एक आखूड, एकीचं पोट अडतं.

मला हे बघवेना. पातं म्यानात बसत नाही म्हणजे मोजमाप चुकतंय, आणि मोजमाप हा माझा विषय. म्यानात पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून आतला आकार काढला. व्हर्नियरनं जाडी मोजली. आलेखाच्या कागदावर आकृती काढली, ती पुठ्ठ्यावर चिकटवून कापली आणि तात्यांपुढं ठेवली. "तात्या, आता ह्या मापानं करा. चुकणारच नाही."

तात्यांनी पुठ्ठ्याच्या कडेवरनं बोट फिरवलं. "लई बारीक काम केलंस," म्हणाले.

ज्या माणसाच्या बोटाला अर्ध्या सुताचा फरक कळतो, त्याला इतकी वर्षं हे जमू नये, याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शिकलेल्या माणसाला वाटतं, आपण आलो म्हणून जमलं.

पुढचे तीन रविवार मी मागं लागलो. शेवटी केली त्यांनी. मी समोर उभा, पुठ्ठा हातात, त्यामुळं दुसरा इलाजच नव्हता. किटलीनं पाणी दिलं, मूठ बसवली, आणि पातं म्यानात सोडलं. खट. पार मुठीपर्यंत. मी टाळी वाजवली. तात्या म्यान मांडीवर घेऊन बसले.

मग त्यांनी फोन काढला. तात्यांच्या कानांनी जन्मभर घण ऐकला आहे, त्यामुळं त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, आपल्याच भागातली मराठी, नुसती कडांनी जरा गोल झालेली.

"बोला तात्या. बसली का?"

तिलकराम कुठं आहे, आहे की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. दर कुकरीमागं हा फोन होतो, हेही मला ठाऊक नव्हतं.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मांडीवरच्या म्यानाकडं पाहिलं.

"न्हाय बा तिलकराम. दोन सूत जाड झाली."

पलीकडं तिलकराम हसल्यासारखं ऐकू आलं. "मग दुसरी करा. मला कुठं घाई हाय? गुडघे पण म्हणतात, थांब. गेटवर आता कोण आहे?"

गेटवर कोण आहे, गेटजवळचा लिंब कुणी छाटला, कॉलनीत कुणाच्या पोरीचं लग्न झालं, तात्या सांगत राहिले. अर्धा तास. मला खोटं ऐकलं की लगेच तोडायची खोड आहे. वर्गात मास्तरांनाही तोडलेलं आहे. 'तात्या, बसली की!' एवढं जिभेवर आलं होतं. गिळलं.

फोन झाल्यावर तात्यांनी पातं ओढून काढलं. इतकं नेमकं बसलं होतं की दोनदा ओढावं लागलं. भिंतीवरचा एक रिकामा खिळा शोधून त्यांनी ते बाकीच्यांच्या रांगेत टांगलं. मग पुठ्ठा माझ्या हातात दिला.

"ह्ये घिऊन जा घरी. हितं भट्टीपाशी पेटंल एखाद्या येळंला."

"बरं," मी म्हणालो, आणि पुठ्ठ्याच्या चार घड्या करून खिशात घातला.