सगळ्यांचा वाढदिवस एक जुलै

घाटंजीजवळच्या एका गावात नव्या वाचनालयाची फीत कापायची होती. मान गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा. म्हाताऱ्यांची यादी काढायचं काम सरपंच पुष्पाताईंनी ग्रामपंचायतीतल्या नयनकडे दिलं, कारण त्याने गावाच्या नोंदींसाठी स्वतः प्रोग्राम लिहिला होता.

"भांडन झालं तं तुहा प्रोग्राम बंद, आन आपली जुनी वही चालू," ताईंनी बजावलं.

नयनने वयाप्रमाणे क्रम लावायला प्रोग्रामिंगच्या भाषेतलं आयतं फंक्शन वापरलं. पहिलं नाव निघालं रामरावांचं. त्यांनी धोतराला नीळ घातली, जावयाला फोन केला. संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचं राहिलेलं नाव घालून यादी पुन्हा काढली, तर पहिले बाबूसिंग! त्यांच्या बंजारा तांड्यावर डफडं वाजलं.

सकाळी दोघेही आपापली यादी घेऊन कात्रीपाशी हजर.

"काहून रे नयन, हा रातोरात माह्याहून मोठा कसा झाला?" रामराव कडाडले.

नयनने दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. दोघांची तारीख एकच, एक जुलै सेहेचाळीस. त्या काळी गुरुजी शाळेच्या दाखल्यावर सरसकट एक जुलै टाकत, त्यामुळे निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. त्याने घाईघाईने मोबाइलवर त्या प्रोग्रामिंग भाषेचा शेकडो पानांचा प्रमाणग्रंथ उघडला.

"आबा, यात लिह्यलं हाय, दोघं सारखे असले तं पह्यला कोन, हे ठरवलेलं नाही. कोनीबी येऊ शकते."

"मंग एवढं जाडं पुस्तक लिह्यलं कायले?" बाबूसिंगांनी विचारलं. पुष्पाताईंनी शिपायाला वही आणायला सांगितली, आणि नयनचा जीव खरंच तुटला.

तेवढ्यात यादीत तिसऱ्या नंबरवर असलेल्या शकुबाई उठल्या. रामरावांची सख्खी बहीण. तारीख? एक जुलै सेहेचाळीस.

"मी शाळेत गेलती तं हा रामा माह्या परकराले धरून भोकाड पसरून राह्यला होता. गुरुजीनं यालेबी बसवलं, आन एकच तारीख टाकली. बाबूसिंग तं तवा पाळन्यात होता, मांगून शाळेत आला तं त्यालेबी तेच साल टाकलं!"

रामराव खाली बघायला लागले. बहीण चार वर्षांनी मोठी, हे त्यांना आजच कळलं असं थोडंच होतं!

शकुबाईंनी फीत कापली. वही कपाटात परत गेली.

दुपारी नयनने प्रोग्राममध्ये प्रमाणग्रंथात नसलेला नियम घातला: तारीख सारखी आली, तर शकुबाईंना विचारावे.