दोन बोटं सैल

येसूअण्णा भेटले की रामराम नंतर. आधी ते तुमच्या कॉलरीत दोन बोटं घालतात. "आवळत तर न्हाई ना?" बोटं सहज फिरली तरच माणसाची सुटका. गावात आलेले नवे जावईसुद्धा या तपासणीतून सुटत नाहीत. लोकांनी आधी टिंगल केली, मग तिचाही कंटाळा आला.

अण्णा आमच्या दूध संस्थेचे सचिव, घरी एकटे. त्या वर्षी पाऊस झाला नाही, गुरं केजकडच्या चारा छावणीत गेली आणि संस्थेत थेंबभर दूध येईना. तरी अण्णा सकाळी सहाला कुलूप काढायचे, कोरडे कॅन पुसायचे आणि संस्थेच्या मांजरीला, ठकीला, समोर बसवून म्हणायचे, "गणपूर्ती झाली."

एके दिवशी कुत्र्यांनी ठकीची पाठ फाडली. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं, "चाटू देऊ नका. टाके सुटले तर जगायची नाही."

अण्णांनी लगेच ठराव मांडला. "मांजरीस अंगरखा शिवणे. सूचक मी, अनुमोदक तुमी, मास्तर." मी शाळामास्तर, संस्थेचा साधा सभासदही नाही. तरी अनुमोदन दिलं.

"गुंडी नगं, गिळली म्हंजी? नाडीच बरी. पाय चारी मोकळे. काखंत काचाया नगं." कापड निवडलं दूध गाळायचं, हवा खेळती राहावी म्हणून. अंगरखा चढवताच ठकी आडवी झाली, मेल्यासारखी. अण्णांचा चेहरा पडला. पोटाखाली दोन बोटं घातली, ती सहज गेली. नुसतं सोंग होतं बाईंचं.

खरा घोटाळा पुढेच. त्या फडक्यात कित्येक वर्षांचं दूध मुरलेलं, आणि गाव दुधाला महाग. दुपारपर्यंत गल्लीतली झाडून सगळी मांजरं ठकीला चाटायला हजर! मी पोट धरून हसलो. अण्णा काठी घेऊन दारात बसले. "बिगर सभासदांनी आत यायचं न्हाई!"

मग माझ्या जुन्या सदऱ्याचा दुसरा अंगरखा झाला. पण अण्णा घडीघडीला उठून बोटं घालून बघत. मी वैतागलो. "अण्णा, आवळलं तर ओरडेल की ती."

"वरडल्यावर आपुन आयकतो व्हय?"

अण्णांची बायको, आमच्या काकू, साप चावून गेल्या, एवढंच मला माहीत होतं. अण्णा ठकीकडे बघत बोलले, "इख वर चढू नये म्हून म्याच धोतराची चिंधी करकचून बांधली. जीपमदी केजच्या दवाखान्यात नेताना ती एकच म्हणत हुती, 'आवळतंय वो, जरा सैल करा.' म्या म्हणलं, सोस. पुना न्हाई बोलली."

मघाचं माझं वैतागणं मलाच बोचायला लागलं.

टाके निघाले, जखम भरली. अण्णांनी नाडी सोडली. ठकीने अंग झटकलं आणि भिंतीवरून निघून गेली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. रिकामा अंगरखा हातात घेऊन अण्णा बराच वेळ उभे होते.

मी निघालो तेव्हा सवयीने त्यांची बोटं माझ्या कॉलरीत आली. कॉलर चांगली ढगळ होती.

"आवळतंय, अण्णा," मी म्हणालो. "जरा सैल करा."

त्यांची बोटं कॉलरीत सहज फिरली. तरी त्यांनी वरचं बटण काढलं.