गार राहिलेलं ठिगळ

आमच्या गावात भेट मिळालेली गोधडी लगेच ऊब देत नाही. तिच्यात ज्यांच्या कापडाचं ठिगळ असेल त्या प्रत्येकाचे आभार मानावे लागतात आणि समोरच्यानं "पोचले" म्हणावं लागतं. मग ते ते ठिगळ तापतं. मुदत तीस दिवसांची. तेवढ्या दिवसांत एखादं जरी ठिगळ गार राहिलं, तर ऊब कार्यालयाची माणसं घरी येऊन गोधडी उसवतात आणि ज्याचं कापड त्याला परत करतात. तशी पावतीही देतात.

यात नवल करण्यासारखं काही नाही. आमच्याकडे थंडी अशी पडते की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा ठिकाणी ऊब मोकाट सोडून चालत नाही.

मी दिगंबर शेवाळे, गेल्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. त्यानिमित्त मालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला गोधडी शिवली. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर चोवीस माणसांच्या कापडांची चोवीस ठिगळं आणि तांदळाच्या दाण्याएवढे टाके. आठ महिने लागले. मालनला काचबिंदू आहे. ही एवढी पुरी करा आणि यापुढे सुईला हात लावू नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. म्हणजे ही गोधडी उसवली असती, तर पुन्हा व्हायची नव्हती.

मला मात्र काळजी नव्हती. आभारप्रदर्शन म्हटलं की पंचक्रोशीत माझंच नाव निघायचं. लोक सतरंज्या गुंडाळत असले तरी मी मंडपवाल्यापासून पाणी वाटणाऱ्यापर्यंत एकालाही सोडत नसे. मी यादी केली, स्वच्छ सदरा घातला आणि दोन दिवसांत बावीस घरं उरकली. सगळ्यांनी "पोचले" म्हटलं. काहींनी तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं.

आठव्या दिवशी गावित मॅडम तपासणीला आल्या. त्या ऊब निरीक्षक आहेत. त्यांनी एकेका ठिगळावर तापमापी ठेवली आणि बावीस वेळा "गार" लिहिलं.

"गुरुजी, हे समारंभाचे आभार झाले," त्या म्हणाल्या. "याची ऊब धरत नाही. 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' हे तर नियमानंच बाद आहे."

"तीस वर्षं टाळ्या पडल्यात या आभारांना!" माझा आवाज चढला.

"कार्यक्रम संपला म्हणून पडल्या असतील," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि माझी सही घेतली.

आठवडाभर मी त्यांच्यावर चिडून होतो. मग मुकाट्यानं लतीफभाई मंडपवाल्यांकडे गेलो. त्यांच्या चौकड्याच्या शर्टाचं ठिगळ वरच्या कोपऱ्यात होतं. त्यांचे आभार मी माइकवरून शंभरदा तरी मानले असतील. या वेळी मी म्हणालो, "लतीफभाई, आमच्या लेकीच्या, सुनंदाच्या लग्नात वावटळ आली होती. मंगलाष्टकं संपेपर्यंत तुम्ही मंडपाचा खांब मिठी मारून धरून ठेवला होता. तुमच्या तळहातांची सालं निघाली. मी ते पाहिलं होतं आणि पाहुण्यांना पंगतीला बसवायला निघून गेलो होतो."

लतीफभाई थोडा वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. "पोचले, गुरुजी," ते म्हणाले. घरी येऊन हात लावला तर वरचा कोपरा उन्हात ठेवल्यासारखा लागत होता.

तेव्हा कुठे मला कामाची रीत कळली. पण आपल्या माणसांचा एक घोळ असतो. खरे आभार मानले की त्यांना लाज वाटते आणि ती "त्यात काय एवढं" म्हणतात. कार्यालयाच्या लेखी तो नकार असतो. माझा मेहुणा निवृत्ती तीनदा म्हणाला, "दाजी, आपल्या आपल्यात कसले आभार!" तिन्ही वेळा त्याचं ठिगळ आणखीच गार पडलं. चौथ्यांदा मी त्याला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "मला टायफॉइड झाला तेव्हा तू मला सायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलंस. चढाला खाली उतरून ढकललंस. आणि मी वर बसून तुला म्हणत होतो, जरा हळू चालव."

निवृत्ती हसायला लागला. मग उपरण्यानं डोळे पुसून म्हणाला, "तेवढं मात्र पोचलं, दाजी."

असं करत एकोणतिसाव्या दिवसापर्यंत बावीस ठिगळं तापली. मला खरंच भरून आलं होतं. एवढ्या माणसांनी मला उचललं, ढकललं, सावरलं होतं आणि मी प्रत्येकाला एकाच साच्यातली वाक्यं वाटत आलो होतो. तेविसावं ठिगळ माझ्याच कार्यक्रमांच्या पांढऱ्या सदऱ्याचं होतं. स्वतःचे आभार मानता येत नसल्यामुळे कार्यालयाच्या अर्जात त्यापुढे "लागू नाही" असा शेरा होता.

राहिलं चोविसावं. ते मालनच्या वांगी रंगाच्या साडीचं, बरोबर मधोमध.

मालन ऐकायलाच तयार नव्हती. "घरच्या माणसाचे कधी आभार मानतात का? मला परकी केली का तुम्ही?" एकदा मी जेवता जेवता प्रयत्न केला, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. रागाची गोष्ट नव्हती. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि तो शब्द घरात कधी आलाच नव्हता.

तिसाव्या दिवशी दुपारी गावित मॅडम कात्री घेऊन आल्या. गोधडी अंगणात पसरली होती. शेवटचा कोपरा तेवढा उघडा होता, कारण आमच्याकडे गोधडीला घास भरवून, म्हणजे आत गोडाचा तुकडा ठेवूनच तो शिवतात.

"बाई, तुम्ही स्वीकारणार नसाल तर मला उसवावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

"नियम आहे तर उसवा," मालन म्हणाली. पण गोधडीच्या काठावरचा हात तिनं काढला नाही.

मी उभा राहिलो. "आजच्या या प्रसंगी..."

"अहो, बसा खाली."

मी तिच्याशेजारी चटईवर बसलो. समोर माइक नव्हता, हातात यादी नव्हती.

"आभाराला उठलो की लोक जायला लागायचे," मी म्हणालो. "दर वेळी. पाहुणेसुद्धा गाडीत बसायचे. मी बोलत राहायचो, कारण शेवटच्या रांगेत तू असायचीस, माझा मफलर मांडीवर घेऊन. मालन, तीस वर्षं मी ते सगळं एकट्या तुझ्यासमोर बोललो. आणि त्यात तुझं नाव एकदाही घेतलं नाही. तू थांबलीस म्हणून मला बोलता आलं. मी तुझे आभार मानतो."

मालननं पदरानं नाक पुसलं. गावित मॅडम कात्री पिशवीत ठेवावी की नाही, अशा विचारात थांबल्या.

"पोचले," मालन म्हणाली. "आणि जरा हळू बोला. लोक गेलेत सगळे."

मॅडमनी मधोमध तापमापी ठेवली. पारा चढताना मला बसल्या जागेवरून दिसत होता. त्यांनी "मंजूर" असा शिक्का मारला आणि कात्री पिशवीत ठेवली. मालननं आतून गूळपोळीचा तुकडा आणून उघड्या कोपऱ्यात ठेवला आणि माझ्यापुढे सुई धरली. दोरा ओवायचं काम माझं होतं. आठ महिने रोज सकाळी, शाळेच्या घंटेसारखं ठरलेलं, मी कुरकुरत दहा सुया ओवून चटईला टोचून ठेवत असे. मी आताही ओवून दिली.

तिनं सुई घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही ओवून दिल्या म्हणून शिवता आलं. आभारी आहे हो."

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो.

गावित मॅडमनी मान वर केली. त्यांनी माझ्या पांढऱ्या ठिगळावर तापमापी ठेवली, वाचली, अर्ज पुन्हा उघडला, "लागू नाही" खोडून "लागू" केलं आणि पिशवीतून कात्री काढली.

"पोचले," मी घाईनं म्हणालो. "पोचले, पोचले."