लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे तीन शेवट

आमच्या गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे होती, ती मी फार शिकलेली म्हणून नाही. मी चौथी पास. (पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि नावाड्याशी माझं भांडण झालं होतं.) माझं घर समाजमंदिराला लागून, आणि माझ्या डोळ्यांदेखत काही चोरायची कोणाची हिंमत नव्हती, म्हणून किल्ली माझ्या कमरेला.

शहाऐंशी सालची गोष्ट. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट. आमच्या वस्तीतल्या पहिल्या बी.ए. पोरानं घुग्घुसच्या खाणीत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून ते पाठवलं. आत सरकारनं दिलेली त्रेसष्ट पुस्तकं. कपाट ट्रकवरून उतरलं तेव्हा म्हाताऱ्यांनी नुसता हात लावून पाहिला. त्यांच्या लहानपणी त्यांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते.

एक दिवस चांद्याहून जिल्ह्याचा कागद आला. प्रत्येक वाचनालयानं भिंतीवर फलक लावावा, निरनिराळ्या विषयांत काय वाचावे नि काय ऐकावे त्याचा. आणि खाली बारीक अक्षरात, निरीक्षक येतील, वाचक नसल्यास पुस्तके परत नेली जातील.

आमचे मालक देवाजी म्हणाले, "गुरुजीले विचार, ते लिहून देतीन."

मी म्हटलं, "काऊन? कोनाले कायची गरज हाये, ते गुरुजीपेक्षा मले जास्त मालूम हाये."

तिथेच चुकलं. मी सांगत गेले आणि देवाजींनी लिहिलं, खासराच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाला लावून उरलेल्या हिरव्या रंगानं:

कोंबडीपालन: ज्यांच्या कोंबड्या दुसऱ्याच्या अंगणात अंडी देतात त्यांनी वाचावे.
ग्रामपंचायतीचा कायदा: सरपंचाने वाचावा. दोनदा.
आकाशातील तारे: ज्याला झोप येत नाही त्याने.
धानावरील रोग: वाचू नये, रेडिओवर ऐकावे. पुस्तकात फार वेळ लागतो, तोवर धान जाते.
दंडारीचे नाटक: रात्रभर चालले तरी पूर्ण ऐकावे. मध्येच उठून जाऊ नये, पात्रांना राग येतो.
आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात, लाल पुठ्ठ्याचे पुस्तक: सर्वांनी.

आता या लाल पुस्तकाचं सांगते. ती एक कादंबरी. नावाचं पान वाळवीनं खाल्लेलं, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नव्हतं. त्यात कुसुम नावाची बाई. नवरा परमुलखात कामाला जातो तो येतच नाही, सासू तिला घराबाहेर काढते, आणि ती एकटी खोली घेऊन शिवणकाम करते. उन्हाळ्यात वरच्या नि खालच्या मोहल्ल्याच्या बायका आपापल्या ठिकाणी तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसायच्या, हात त्यांचे चालत आणि तोंड माझं. वाचता येणारी मी एकटीच. वाचताना कोणी खोकललं तरी बाकीच्या डोळे वटारायच्या. गोकुळा तर कुसुमच्या सासूला अशा शिव्या द्यायची, की तिची स्वतःची सासू उठून घरी जायची. आता घरोघरी टीव्ही आहेत, पण सासूला तशी शिवी मी पुन्हा ऐकली नाही.

पण वाळवी शेवटाकडूनही घुसली होती. शाबूत राहिलेल्या शेवटच्या पानावर इतकंच: "कडी वाजली. कुसुमने दार उघडले, आणि समोर"

पुढे माती.

आता वीस बायका हातात पुडे धरून तोंडाकडे पाहत असताना, पुढचं वाळवीनं खाल्लं असं सांगायची सोय असते का? मी पान उलटल्यासारखं केलं आणि वाचलं, समोर नवरा उभा होता. वरच्या मोहल्ल्याच्या बायका रडल्या, माझा जीव भांड्यात पडला.

खालच्या मोहल्ल्यात गोकुळाची मंडळी. तिथे नवऱ्यानं भागलं नसतं. तिथे समोर पोलिसांचा जमादार उभा राहिला आणि त्यानं सासूला धरून नेलं.

आणि रुखमा. तिचा नवरा बल्लारपूरला कामाला गेला नि तिथेच दुसरी घेऊन बसला. ती कोणात बसायची नाही. ती एकटीच माझ्या अंगणात पुडे बांधायची, म्हणून तिला वेगळं वाचून दाखवलं होतं. शेवटाला आले, तिच्या हाताकडे पाहिलं आणि वाचलं, समोर नवरा उभा होता, कुसुमने त्याला नीट पाहून घेतले आणि दार लावले. आतून कडी घातली.

रुखमानं हातातला पुडा बांधून ठेवला. त्या दिवशी तिनं घरी जाताना पहिल्यांदा मला विचारलं, "बाई, कालवन काय केलं आज?"

मे महिन्यात निरीक्षक साहेब आले. बारीक माणूस, डोक्यावर ओला रुमाल. रजिस्टर उघडलं. वर्षभरात सही एकच, माझी, बेचाळीस वेळा.

"बाई, वाचक एकच दिसतो."

"वाचनारी एक हाये साहेब. आयकनाऱ्या लय हायेत."

"ऐकणाऱ्यांचा रकाना नाही यात." ते फलकाकडे वळले, मोठ्यानं वाचू लागले, आणि शेवटी थांबले. "हे काय? 'ऐकावे: शकुबाईचे. दुसरा इलाज नाही.'"

(शकुबाई म्हणजे मी, आणि ही ओळ मी सांगितलेली नव्हती. देवाजी कोपऱ्यात छताची कवेलू मोजत होते.)

साहेबांनी लाल पुस्तक हातात घेतलं. "हे मी कॉलेजात वाचलं आहे. पण याची शेवटची पानं नाहीत. बायकांनी ऐकलं म्हणता, तर शेवट कोण सांगेल? सांगता आला नाही, तर ही पुस्तकं आज माझ्यासोबत चांद्याला येतील."

बाहेर झाडाखाली साऱ्या जणी होत्याच. वरच्या मोहल्ल्याची कुंता म्हणाली, "नवरा वापस येते."

"कोनता नवरा?" गोकुळा उठली. "जमादार येते. सासूले धरून नेते."

"तू झोपली असशीन."

"मी झोपली? तू रडून राह्यली होती, तुले आयकू काय आलं असन?"

पुडे बाजूला पडले. दोन्ही मोहल्ले उभे राहिले. कुसुमच्या खोलीला खिडकी किती, सासू काय काय बोलली, नवऱ्यानं पत्रात काय लिहिलं, एकमेकींवर फेकून मारायला साऱ्यांना सारं तोंडपाठ. पुस्तकं जातील ती जातील, पण आता मी खोटी पडणार होते.

तेवढ्यात रुखमा उठली. ती चारचौघींत कधी बोलायची नाही, म्हणून साऱ्या गप झाल्या.

"दार लावते ती," रुखमा म्हणाली. "आतून कडी घालते. बाईनंच वाचलं माह्यासमोर."

साहेब माझ्याकडे वळले. "यातलं पुस्तकात कोणतं आहे?"

मी रुखमाकडे पाहिलं. "तिन्ही."

"एका पुस्तकाचे तीन शेवट?"

"जाड पुस्तक हाये, साहेब."

साहेबांनी लाल पुस्तक मला परत दिलं. मग रजिस्टरात माझ्या सहीखाली लिहिलं, वाचक सदतीस. मी मोजून पाहिलं, झाडाखालच्या बायका सदतीसच होत्या. जाताना म्हणाले, "पूर्ण प्रत पाठवून देतो. तुमची अडचण नको."

भला माणूस. पण त्यानंच घात केला.

धान कापून झालं आणि प्रत आली, कोरी, नव्या कागदाच्या वासाची. दोन्ही मोहल्ले जमले. रुखमा या वेळी साऱ्यांत बसली होती. मी ठरवलं, यंदा जे छापलं तेच वाचायचं. कुसुमने दार उघडले, आणि समोर कोणीच नव्हते. वारा होता. पुढे पन्नास पानं ती खोकते आणि शेवटी दवाखान्यात मरते. मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक शेवटपर्यंत खरं वाचलं.

वाचून झालं. कोणी रडलं नाही. रुखमानं पदर झटकला, माझ्याजवळ आली आणि हळूच, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, "बाई, तुमचे डोये तपासून घ्या. पयले किती चांगलं वाचत होत्या तुमी."

पुढच्या बाजाराला ती स्वतः मला धरून मूल गावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. रुखमानं बाहेर येऊन सांगितलं, "त्यालेबी दिसत नाई."