एकशे बेचाळीस मेंढरं आणि माझी एक आज्ञा

मंडळी, मला मागे घेता येत नाही अशी चूक जगात नाहीच! हे मी आमच्या आबांना भल्या सकाळी, चहा पिता पिता, छाती फुगवून सांगितलं होतं.

मी इंद्रजित, शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला. तिथल्या संगणक विभागातल्या अपेक्षाने मला आठ दिवसांत एक विद्या शिकवली, गिट नावाची. फाइल जतन केली की दर वेळी एक क्रमांक पडतो आणि त्या क्रमांकावरून हवं तेवढं मागे जाता येतं. झालं! आटपाडीकडच्या आमच्या एकशे बेचाळीस मेंढरांची यादी मी चार महिने आबांना फोनवर विचारून त्यात भरली.

त्या दिवशी मी सुट्टीवर घरी आलो होतो आणि नऊला जनावरांचे डॉक्टर कळपाला लस टोचायला येणार होते. गाभण मेंढीला ती चालत नव्हती. चुकून टोचली तर कोकरू गेलंच! आईने स्क्रीनमध्ये डोकावून तोंडाला पदर लावला.

"आवं, ह्यानं एडका गाभण केलाय!"

"कालची एकच ओळ चुकलीय. आत्ता मागं घेतो. बघा आबा!"

क्रमांकांची रांग उघडली. वहीत नवी नोंद खाली असते, म्हणून मी खालून दुसरा क्रमांक उचलला आणि 'यानंतरचं सगळं टाकून दे' अशी आज्ञा ठोकली. गिटमध्ये नवी नोंद वर असते, हे डोक्यातून साफ गेलं! मी कालच्या ऐवजी चार महिने मागे पोचलो. स्क्रीनवर दोनच ओळी उरल्या. चाचणी मेंढी एक. चाचणी मेंढी दोन.

"बाकीची कुठं गेली रं?" आबांनी विचारलं.

मी अपेक्षाला सतरा फोन लावले. उचलेना! आठ वाजून गेले होते आणि मला दरदरून घाम फुटला होता.

"आरं, रडतुस काय? लिव," आबा म्हणाले आणि कळपाकडे पाठ करून बसले. "बांडी. गाभण, तिसरा म्हैना. तिची थोरली लेक, न्हाई. धाकटी, व्हय. कानतुटकी... थांब, मागल्या बाजाराला न्हाई म्हणलो हुतो, ते आता खोड. गाभण हाय."

"भुरीची पाठ ऱ्हायली, तिची तरणी लेक," आई चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाली.

"येतोय तिच्याकडं!"

आईकडून लेक, लेकीकडून नात, कधी काय सांगितलं आणि कधी बदललं, सगळं मुखोद्गत! चाळीस मिनिटांत एकशे बेचाळीस. माझी बोटं थकली, आबांचा चहासुद्धा संपला नव्हता. खरं सांगतो, अंगावर काटा आला. नऊला डॉक्टर आले आणि आबांच्या यादीवरून लस टोचून गेले.

अकराला अपेक्षाचा फोन. "अरे, काही पुसलं जात नाही. एका आज्ञेत परत येतं!" आलंही. मी दोन्ही याद्या शेजारी लावल्या. सात ओळी वेगळ्या निघाल्या: एक एडक्याची, दोन किरकोळ, पण चार गाभण मेंढ्यांच्या! धावत आबांकडे गेलो.

"ह्या चार मेंढ्या माझ्या यादीत गाभण नाहीत, आबा."

"गाभण हायत की! तवाच सांगिटलं हुतं. तू फोनवर जेवत हुतास."

चार कोकरं! मी लॅपटॉप मिटला. चार महिन्यांच्या खटाटोपात माझ्या हातून कळपाचं एकच भलं झालं होतं: ऐन वेळी ती यादी पुसली गेली!