साडेचार इंच

डबीरजी कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी खिशातून मोजपट्टी काढतात. इकडे हिंदी मुलखात, अधारतालच्या आमच्या सोसायटीत बारा घरं आहेत आणि बाराही घरांची लांबी-रुंदी त्यांना तोंडपाठ आहे. त्यांची सगळी नोकरी फॅक्टरीच्या तपासणी विभागात गेली. आलेला माल मोजायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. माझी पुरणपोळी त्यांनी एकदा आडवी-उभी मोजून रिजेक्ट केली होती. खाल्ल्या मात्र चार.

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, “त्यांना काहून, अन् आपल्याला काहून नाही?” आमचे सेक्रेटरी तिवारीजी. त्यांच्या बाल्कनीत ऊन दहा मिनिटं जास्त थांबतं, म्हणून डबीरजी एक अख्खा हिवाळा त्यांच्याशी बोलले नाहीत. समोरच्या बंगल्यात बोअरला गोड पाणी लागलं, त्या दिवशी यांना ताप आला.

हे मी त्यांची टिंगल करायला सांगत नाही. म्हणजे, करायलाच सांगते. पण जळण्यात मीही काही कमी नाही. बायको गेल्यापासून डबीरजी शेजारच्या तीन खोल्यांत एकटे राहतात. आमच्या तेवढ्याच तीन खोल्यांत मी, माझे यजमान (डबीरजींचे ‘भाऊसाहेब’), मुलगा, सून आणि नात पिहू. त्यांच्या घरात चार वाजता चहा मागणारं कोणी नाही, रिमोट पळवणारं कोणी नाही. पोळ्या लाटताना मी मधल्या भिंतीकडे बघून उसासे टाकायची. सुख म्हणतात ते पलीकडेच आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

गेल्या पावसाळ्यात जिन्याचा छज्जा कोसळला आणि ‘जर्जर इमारत’ अशी नोटीस दारावर चिकटली. जुनं पाडून सात मजली नवीन बांधायचं ठरलं. बिल्डरने नकाशा काढला. तो मंजुरीला पाठवायचा तर बाराही घरांची लेखी संमती हवी होती. अकरा सह्या आठवड्यात झाल्या. बारावी कोणाची राहिली, हे वेगळं सांगायला नको.

डबीरजींनी सहीऐवजी चार पानांची हरकत दिली. तीन पानं अपेक्षेप्रमाणे कोणाची खिडकी कोणापेक्षा मोठी, यावर होती. चौथ्या पानावर एकच मागणी : माझ्या आणि शेजारच्या फ्लॅटमधली भिंत नऊ इंची नको, साडेचार इंचीच पाहिजे, नाहीतर सही नाही.

आता, साडेचार इंची भिंतीचं सुख आम्ही आयुष्यभर भोगलं होतं. जुन्या ठेकेदाराने विटा वाचवल्या होत्या. कॅलेंडरसाठी मी ठोकलेला खिळा त्यांच्याकडे निघाला आणि त्यांनी त्यावर भाजीची पिशवी अडकवली. नव्या नकाशातही आमची घरं शेजारीच होती, पण मध्ये जाड भिंत मिळणार, म्हणून मी देवाला पेढे ठेवले होते.

त्यांचा डाव माझ्या लगेच लक्षात आला. भिंत पातळ झाली की खोली तेवढी वाढते. साडेचार इंच गुणिले बारा फूट, सगळं गुपचूप यांच्या घशात. रात्रभर माझ्या पोटात दुखत होतं.

रविवारी सकाळी अंगणात खुर्च्या टाकून बैठक बसली. बिल्डरचा इंजिनिअर नकाशा पसरून बसला होता. मी उभीच राहिले.

“भिंत पातळ करायची तर करा, पण वाचलेल्या जागेतली निम्मी आमची. आत्ताच लिहून द्या.”

डबीरजी मोजपट्टी उलगडत-मिटत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “निम्मी काहून, वहिनी? सगळीच घ्या न.”

इंचासाठी माणसं तोडणारा हा माणूस. तिवारीजींनी घाबरून विचारलं, “डबीर साहब, तबीयत तो ठीक है?”

“मग तुम्हाला मिळून काय राहिलं यातून?” मी म्हटलं.

“आवाज येतो न तुमच्या घरचा,” ते म्हणाले. “नऊ इंचातून नाही येणार. मी विचारलं या इंजिनिअरला. तुमच्या कुकरची तिसरी शिटी झाली का मी माझं ताट घेतो. तुम्ही सूनबाईवर चिडता, भाऊसाहेब मधात बोलतात अन् तेच बोलणी खातात. मग पिहू पाढे म्हणते. सातचा पाढा रोज चुकवते, मी जीभ दाबून बसतो. लई जलन होते मला तुमची, खरं सांगून राहिलो. पण हे बंद झालं, तर मी जेवू कोणासोबत?”

सुनेने माझ्याकडे बघितलं. चारचौघांत माझं घर उघडं पडलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं जळत होते, तिच्यात हा माणूस भिंतीला कान लावून जेवत होता. मला माझीच लाज वाटली.

“साढ़े चार चलेगा, आंटीजी?” इंजिनिअरने मला विचारलं.

मी मान हलवली. डबीरजींनी तिथल्या तिथे सही केली. वाचलेली जागा आमच्या नावावर लिहायला ते विसरले नाहीत.

त्या संध्याकाळी जेवणं उरकली आणि पिहू भिंतीला टेकून पाढे म्हणायला बसली. सून भांडी आवरत होती, आणि दोघींचंही लक्ष नाही असं आम्ही दाखवत होतो.

“सात सत्ते उनचास, सात अट्ठे चौवन...”

पिहू थांबली. भिंतीपलीकडून कोणीतरी घसा साफ केला आणि अगदी हळू, परवानगी मागितल्यासारखं म्हणालं, “छप्पन, बेटा.”